मामांचा तांबडा

मशीन थांबवायचं, वरचा कागद दोन बोटांनी उचलायचा, दारात न्यायचा आणि एक डोळा मिटून बघायचं. आमच्या छापखान्यातले मामा दिवसभर हेच करत. आत ट्यूबलाइट होती, पण तिच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "ही खोटं बोलते," म्हणायचे. रंगाचं काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "डब्याला नको, डोळ्याला विचार."

त्यांचं नाव सांगत नाही. जव्हारात सगळे त्यांना मामाच म्हणत. आमचे शेठ वयाने मोठे, तेसुद्धा.

मी तिथे घड्या घालायला आणि गठ्ठे बांधायला होते. माहेर साखरशेतचं, लग्न होऊन जव्हारला आलेली. नव्वदच्या पुढची ती वर्षं. छापखान्यात ऑफसेटचं एकच छोटं मशीन, आणि ते एका वेळी एकच रंग छापायचं. तीन रंगांचं काम असलं की कागद तीनदा आत जायचा. आधी पिवळा, मग हिरवा, शेवटी तांबडा. मधे मामा रोलर इतके घासून धुवायचे की शेठ ओरडत, "अहो मामा, रोलर आहे तो, नवरदेव नाही!"

"नवरदेवाला डाग चालतो, शेठ. पिवळ्याला नाही चालत."

मामा मुंबईच्या मोठ्या छापखान्यात शिकून आलेले, आणि हे ते कुणाला विसरू देत नसत. त्यांनीच आम्हाला ओके शीटची शिस्त लावली. पहिल्यांदा रंग पसंत पडला की त्या कागदावर गिऱ्हाइकाची सही घ्यायची. पुढे कितीही वर्षांनी ते काम परत आलं, तरी रंग त्या कागदाशी मिळालाच पाहिजे. चांगल्या कामाची शीट मामा दाराशेजारच्या भिंतीवर चिकटवायचे. आल्यागेल्याला दिसावी म्हणून.

त्यातली सर्वांत लाडकी शीट वजनाच्या कार्डाची. मोखाड्याच्या एका संस्थेने ती कार्डं छापून घेतली होती. गावोगाव लहान पोरांचं वजन करायचं आणि कार्डावर ठिपका द्यायचा. ठिपका हिरव्या पट्ट्यात पडला तर पोर ठीक. पिवळ्यात पडला तर जपायचं. तांबड्यात पडला तर पोराला उचलायचं आणि दवाखाना गाठायचा. कार्ड आईजवळ राहायचं. पुष्कळ आयांना अक्षर येत नव्हतं, पण तो तांबडा सगळ्यांना वाचता यायचा. मामा म्हणायचे, "आपण पट्टे नाही छापले. आपण आरोळी छापली."

दोन पावसाळे गेले आणि तीच कार्डं पुन्हा छापायला आली. मामांनी भिंतीवरची शीट समोर धरून रंग मिळवला. डब्यातला तांबडा त्यांना भडक वाटला, म्हणून त्यात रंग फिका करणारं पांढरं मिडियम घालून उतरवला. शीटशी इतका बरोबर मिळाला की त्यांनी मला घड्या घालताना उठवून दाखवला. मलाही फरक दिसला नाही. गठ्ठे गेले.

मग एका सकाळी संस्थेच्या बाई छापखान्यात आल्या. त्यांनी नवं कार्ड टेबलावर ठेवलं. "मामा, दाभोशाला एका पोराचा ठिपका खालच्या पट्ट्यात पडला. आई हसली. म्हणाली, हा काय तांबडा नाय बाई, हा तेरड्याचा फूल. मी तिला ओढून दवाखान्यात नेलं. पोर सुधारतंय. पण प्रत्येकीला ओढायला मी कुठे असणार? पुढचं वजन आठवड्यावर आलंय."

शेठनी लगेच भिंतीवरची शीट दाखवली. "तुमचीच सही आहे. रंग मिळवून दिलाय. आमची चूक नाही."

मामा पुढे झाले. भिंतीजवळ गेले आणि शीटचा कोपरा नखाने सोडवला. त्या कोपऱ्यावर शेजारच्या शीटची कड चढलेली होती. तेवढाच पट्टा खराखुरा तांबडा राहिला होता, बोटभर. बाकी सगळा दारातल्या उन्हाने उतरला होता. रोज बघत होतो म्हणून कुणालाच कळलं नव्हतं.

"मिळवला म्हणूनच चुकला, शेठ," मामा म्हणाले. "या खेपेला डबा खरं बोलत होता."

आम्हाला वाटलं, आता मिडियम न घालता छापलं की झालं. मामा म्हणाले, नाही. डबा दुसऱ्या कंपनीचा, कागद दुसऱ्या गिरणीचा. डबा बदलला, कागद बदलला की तांबडा बदलतो. बायकांच्या डोळ्यांत जो बसलाय तोच हवा, आणि बोटभर पट्टीवरून सगळे पट्टे मिळवणार नाही. "पहिल्या खेपेचं एखादं कार्ड आणा. धुराने काळं न झालेलं."

दुसऱ्या दिवशी बाई जामसरच्या एका बाईला घेऊन आल्या. तिने पोराचं कार्ड लग्नाच्या लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवलेलं. काल छापल्यासारखं होतं. मामांनी हात पुढे केला. तिने कार्ड छातीशी धरलं.

"देनार नाय. माझे पोराचे ठिपके हायत यात."

"अगं, खाणार नाही मी."

"मंग मी बसतंय हितं. तुमी बघा आन छापा."

आणि ती बसलीच, कागदाच्या गठ्ठ्यावर, कार्ड मांडीवर घेऊन. मशीन सुरू झालं. थोड्या थोड्या वेळाने मामा हाक मारायचे, "वहिनी, दारात!" ती उठायची, कार्ड धरायची, मामा शेजारी ताजा कागद धरायचे. शेठ म्हणाले, "मामा, मुंबईला असली ओके शीट होती का, चालती-बोलती?"

"नव्हती. म्हणून तर मुंबई मागे पडली."

दुपारी ती म्हणाली, "आता झाला."

"नाही झाला. ओला रंग गडद दिसतो, वाळला की उतरतो." मामांनी शाई अजून वाढवली.

"आता जास्ती झाला!"

"उद्या बोला, वहिनी."

"उद्या चुकला तर?"

"तर मी हे मशीन तुमच्या शेतात पुरीन."

ती माझ्याकडे मुक्कामाला राहिली. सकाळी आम्ही दोघी गेलो तर मामा आधीच दारात उभे, हातात वाळलेला कागद. तिने कार्ड शेजारी धरलं. कुठलं जुनं आणि कुठलं नवं, हे फक्त ठिपक्यांवरून कळत होतं. तिने कार्ड या बाजूने, त्या बाजूने धरून पाहिलं. मग म्हणाली, "शेतात जागा नव्हतीच तसी."

ओके शीटवर सही कुणाची, असा प्रश्न आला. बाईंनी पेन काढलं. मामा म्हणाले, "जिच्या कार्डाशी मिळवला, तिची." आणि त्यांनी अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढे सरकवला. जामसरची बाई रागावली. "मामा, मला सही येते!" तिने सावकाश नाव लिहिलं, खाली रेघ ओढली. ती शीट मामांनी भिंतीवर लावली नाही. काळ्या कागदात घालून कपाटात ठेवली.

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत ते त्याच मशीनवर होते. पण ते आठवले की मला छापखाना नाही, दाभोसा दिसतं.

नवी कार्डं छापून झाली आणि फिकी परत आणायला मामा स्वतः जीपने निघाले. गठ्ठे उचलायला मला बरोबर घेतलं. दाभोशाला वजन चाललं होतं. बाई फिक्या कार्डावरचे ठिपके नव्यावर उतरवून देत होत्या आणि मामा ती फिकी एकेक करून गोळा करत होते. एका तरुण आईच्या हातात नवं कार्ड पडलं. तिने ठिपका बघितला. कुणी काही सांगितलं नाही. तिने पोराला कमरेवर घेतलं, पदर खोचला आणि मामांना विचारलं, "तुमची जीप जव्हारला कवा जानार?"

"आत्ता," मामा म्हणाले.

जीप भरलेली होती. ड्रायव्हरशेजारची मामांची जागा तिला मिळाली. घाटात मी मागे वळून पाहिलं. मामा मागच्या पायरीवर उभे होते, एका हाताने दांडी धरून, दुसऱ्या बगलेत फिक्या कार्डांचा गठ्ठा. केस वाऱ्यावर उडत होते, आणि मान अशी ताठ, की समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने त्यांना कुणी साहेब समजून सलाम केला. मामांनी तो घेतला.