खिळ्यांचा बोर्ड

बंबाच्या धुराचा वास आला की वडवणीतलं ते अंगण आठवतं आणि अजूनही डोकं तापतं. तिथल्या एका आजोबांकडे त्यांच्या वडिलांनी घडवलेला सागवानी बोर्ड होता. स्प्रिंगची दांडी ओढून सोडली की लोखंडी गोळी पितळी खिळ्यांवर आपटत खाली यायची. जत्रांतून नाहीसा झालेला हा खेळ मी कॉम्प्युटरवर हुबेहूब उतरवत होतो. वरच्या अर्ध्या खिळ्यांची मापं घेऊन गेलो आणि आठवड्याने परतलो, तर आजोबांचा मुलगा बोर्डाची शेवटची फळी बंबात सारत होता. "कावून जाळला बे?" मी ओरडलो. "तुमीच म्हनलात ना, समदं कॉम्प्युटरात घेतो म्हनून? मग हे लाकूड कशाला ठिवायचं?" तो शांतपणे म्हणाला. आजोबा शेजारी बसून राखेतले खिळे वेचत होते. त्या मुलाची गचांडी धरावीशी वाटली, पण ते शब्द माझेच होते, याचाच जास्त संताप आला. आज तो खेळ माझ्या स्क्रीनवर चालतो. लोक सांगतात, खालचे खिळे अंदाजाने बसव. मी बसवत नाही. अर्ध्यापर्यंत खणखणत आलेली गोळी पुढे काहीच न लागता सरळ खाली पडते, आणि मी ती तशीच पडू देतो.