नायट्रोजन उडायच्या आत

डोंगरकड्याच्या रत्नपालनं कुणाला नाही म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षं जनावरांच्या दवाखान्याचा, गोठवलेलं वीर्य ठेवायचा द्रव नायट्रोजनचा कंटेनर मोटारसायकलला बांधून तो कृत्रिम रेतनासाठी गावोगाव फिरला. भर जेवणात हाक आली तरी उठायचा. बायको रूपाबाई म्हणायची, "आमचं घर म्हंजे बिनफाटकाचं शेत."

यंदा गावच्या जयंतीच्या कार्यक्रमात त्याची लेक आकांक्षा प्रयोग दाखवणार होती. ती कॉलेजात विजेचं इंजिनिअरिंग शिकते. तारांना तारा चिकटल्या की विजेचा लोंढा येतो, ट्रान्सफॉर्मर जळतो. वाटेत सुपरकंडक्टरची गारठलेली पट्टी असली तर एरवी ती वीज सुखानं जाऊ देते, लोंढा आला की स्वतःच अडवते. पट्टी कॉलेजची, उद्या परत द्यायची. ती गारठवायला रिटायर झालेल्या रत्नपालनं वसमतहून दोन लिटर नायट्रोजन मागून आणला होता. तो संपला की प्रयोग संपला.

पण आधी सत्कार. अकरा पाहुणे, अकरावा मी, जुना नाटकवाला. सरपंच नरसिंगराव एकेकाचं गुणगान करत होते आणि टेबलावरच्या थर्मासमधली वाफ विरळ होत होती. सातव्या नारळाला आकांक्षानं बापाकडे पाहिलं.

रत्नपाल उठला. त्यानं माइक धरला.

"नरसिंगभाऊ, थांबा. नायट्रोजन उडून राहिला. नारळ कुठं उडते?"

"अन् पाहुण्यांचा मान?"

"न्हाई," रत्नपाल म्हणाला. "आधी लेकरू."

मी खुर्चीतूनच म्हणालो, "सरपंच, एंट्रीसाठी थांबायची मला जन्माची सवय आहे. पडदा उघडा."

आकांक्षानं आधी पट्टीशिवाय तारांना तारा चिकटवल्या. फट्‌ करून फ्यूज उडाला. नवा फ्यूज घातला, पट्टी नायट्रोजनमध्ये सोडली. बल्ब लागला. पुन्हा तारा चिकटवल्या. बल्ब विझला, फ्यूज शाबूत. तारा सोडवल्या, क्षणभरानं बल्ब परत लागला.

मागून आवाज आला, "वन्समोअर!" थर्मासच्या तळाशी उरलेल्या बोटभर नायट्रोजनवर तोही झाला. टाळ्यांनी मांडव हलला. असल्या टाळ्यांसाठी मी उमेदीची वर्षं घातली आहेत.

मग राहिलेले सत्कार झाले. मला मिळालेली शाल मी रत्नपालच्या खांद्यावर टाकली. तो लाजून चूर.

रूपाबाई जवळ आली. "आज बरं अडवलं. घरी काहून न्हाई अडवत कुणाला?"

"घरी कुठं नायट्रोजन असते?" रत्नपाल म्हणाला आणि अकराच्या अकरा पाहुण्यांना जेवायला घेऊन निघाला.