साडेचार हजारांच्या तबकडीवर ताईचे मार्क

बहिष्काराची घोषणा मीच केली होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे वाचणाऱ्याला मला पकडल्याचा आनंद व्हायचा, आणि तो मी माझ्या घरच्यांशिवाय कुणाला देत नाही.

आमचा ग्रुप बसमध्ये जन्मला. रायपूर राजधानी झालं, मग काही वर्षांनी कार्यालयं शहराबाहेर नव्या शहरात गेली, आणि आम्ही जुन्या वस्तीतले लोक रोज स्टाफ बसने तिकडे जायला लागलो. जाताना पाऊण तास, येताना पाऊण तास. एवढ्या वेळात माणूस एकतर भांडतो नाहीतर गाणी ऐकतो. आम्ही दोन्ही करायचो. हळूहळू लक्षात आलं, की बसमधल्या एकोणीस जणांच्या कानात एकाच संगीतकाराची गाणी वाजताहेत. त्यांना आम्ही नुसतं ‘साहेब’ म्हणायचो. ऑफिसातल्या साहेबाबद्दल कधी वाटली नाही एवढी भक्ती आम्ही या साहेबांना वाहिली.

साहेबांनी बरीच वर्षं सिनेमा घेतला नव्हता. मग एके दिवशी नव्या सिनेमाची आठ गाणी फोनवर आली. त्या सकाळी बसमध्ये कुणी कुणाशी बोललं नाही. उतरेपर्यंत ग्रुपवर मात्र रणकंदन. एकाने लिहिलं, डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्याने लिहिलं, मलाही, पण साहेब म्हातारे झाले म्हणून. मी चार परिच्छेद लिहिले. त्यातला एकही कुणी वाचला नाही, हे दुसऱ्या दिवशी माझेच मुद्दे दोघांनी मला ऐकवले तेव्हा कळलं.

आठवड्याने बातमी आली, की हीच गाणी तबकडीवर निघणार. जुन्या काळी निघायची तशी मोठी, काळी तबकडी. किंमत साडेचार हजार.

“इतने में तो मेरी गाड़ी के दोनों टायर आ जाएँगे,” एकाने लिहिलं.

“गाणं फुकट फोनवर आहे, मग हे काहून घ्याचं?” खिडकीवाल्यांनी लिहिलं. हे आमच्यातले सगळ्यात जुने भक्त. बसमधली डावीकडची तिसरी खिडकी त्यांचीच, म्हणून हे नाव.

मला तेव्हा भाषणाची उबळ आली. भक्तांना लुटणारा देव आम्हाला नको वगैरे लिहिलं आणि शेवटी ठराव मांडला: कुणीही ही तबकडी घ्यायची नाही. जो घेईल त्याने महिनाभर बसमध्ये उभं राहून यायचं. एकोणीस अंगठे आले. आयुष्यात माझा कुठलाच प्रस्ताव इतक्या लवकर मंजूर झाला नव्हता. घरात तर भाजीसुद्धा होत नाही.

त्या रविवारी मी ब्राह्मणपाऱ्यात ताईकडे गेलो.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. शाळेत गणित शिकवायची, आणि मार्कांच्या बाबतीत तिचा हात फार आखडता. साहेबांचं वेड मला तिनेच लावलं. आमच्या लहानपणी गल्लीत एक नियम होता. साहेबांची नवी कॅसेट सगळ्यांनी मिळून एकच घ्यायची आणि पहिल्यांदा सगळ्यांनी एकत्र ऐकायची, आमच्या घरी. पहिली बाजू संपेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. संपली की ताई बॉलपेन घेऊन कॅसेटच्या आतल्या कागदावर प्रत्येक गाण्यापुढे दहापैकी मार्क लिहायची. आठच्या वर ती कधी गेली नाही. मला एकदाच पेन मिळालं होतं. मी दहापैकी दहा दिले, आणि कारण विचारल्यावर हिरोईन सुंदर आहे असं सांगितलं. त्यानंतर पेन मिळालं नाही.

गेल्या दोन वर्षांत ताईचे कान उतरत चालले होते. दोन्ही कानांत मशीन होतं. बोललेलं समोरून कळायचं, पण पाठ फिरवली की संपलं.

“ऐकलं का नवं?” मी तिच्यासमोर बसून विचारलं.

“ऐकलं न. बरं आहे.”

ताईने आयुष्यात कुठल्याही गाण्याला ‘बरं आहे’ म्हटलं नव्हतं. सहा म्हणायची, साडेसात म्हणायची.

स्वयंपाकघरात भाचीने खरं सांगितलं. तिला आमचं मराठी सगळं समजतं, पण उत्तर ती हिंदीत देते.

“मामा, मम्मी ने कुछ नहीं सुना. मशीन लगाकर फोन से सुनो तो उनको बस चीं-चीं आती है. डॉक्टर बोले हैं, जो बचा है वो भी धीरे-धीरे जाएगा.”

“मग गाणी बंदच?”

“वो देखो, कैसे सुनती हैं.”

बाहेरच्या खोलीत भाऊजींच्या वेळचा रेकॉर्ड प्लेयर होता, लाकडी पेटीचा, पायांवर उभा. ताईने कानातली मशीनं काढून वाटीत ठेवली, एक जुनी तबकडी लावली, आवाज पूर्ण मोठा केला आणि पेटीवर दोन्ही तळवे टेकून उभी राहिली. खिडकीची तावदानं थरथरत होती. शेजाऱ्यांनी बहुधा सवय करून घेतली असावी.

“ढोलक-बिलक हाताले लागते,” ती मोठ्याने म्हणाली, कारण आता ती सगळंच मोठ्याने म्हणायची. “थोडं कानालेही येते. फोनचं नाही येत. पण आता नवं कुठं निघते याच्यावर वाजवाले.”

निघतं, हे तिला ठाऊक नव्हतं. आणि मी ते घ्यायला एकोणीस माणसांना बंदी घालून बसलो होतो.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या जिन्यात उभं राहून, मी तबकडी मागवली. चोरी करताना माणसाच्या बोटांना घाम येतो असं ऐकलं होतं. खरं आहे. पत्ता मी तीनदा चुकवला. त्यामुळेच असेल, दहा दिवसांनी कुरियरवाल्यांचा निरोप आला, की पत्ता लागत नाही, भनपुरीच्या गोदामातून स्वतः घेऊन जा.

शनिवारी भनपुरीला गेलो. दोन्ही बाजूंना ट्रक, मध्ये धूळ, आणि गोदामाच्या खिडकीशी माझ्यापुढे एकच माणूस. त्याने रुमाल नाकापर्यंत ओढला होता. पण बसमध्ये सहा वर्षं ज्याच्या डोक्याचा मागचा भाग पाहिला, तो रुमालाने कसा लपणार?

“खिडकीवाले,” मी म्हटलं.

ते वळले. त्यांच्या काखेत चौकोनी, चपटं खोकं होतं.

“तू काहून आला इथं?” त्यांनी मलाच विचारलं.

उत्तर द्यायच्या आत आतल्या माणसाने तसंच दुसरं खोकं माझ्यासमोर सरकवलं. “ए का चीज हे भैया? बिहनिया ले तीन ठन अइसनेच गे हे.” म्हणजे सकाळपासून अशी तीन खोकी गेली होती. आमच्याशिवाय. पत्ता चुकवणारा मी एकटाच नव्हतो.

आम्ही दोघं चहाच्या टपरीवर बसलो. मी ताईचं सगळं सांगितलं. खिडकीवाल्यांनी काखेतलं खोकं मांडीवर घेतलं.

“तुह्यापाशी कारण तरी आहे बाप्पा,” ते म्हणाले. “माह्यापाशी तर वाजवाले मशीनपण नाही. घरी नुसती भिंतीले टेकवून ठेवणार होतो.” मग म्हणाले, “उद्या मी येऊ काय? पहिल्यांदा एकत्रच ऐकाचं असते म्हणते ना तू?”

‘मी’ म्हणाले होते, पण त्या तीन खोक्यांचे मालकही त्यांनी ग्रुपमधून शोधून काढले, आणि रविवारी सकाळी ब्राह्मणपाऱ्यात चार जण चपला काढत होते. प्रत्येकाने तबकडी घेतलेली, आणि एकाच्याही घरी प्लेयर नाही. (सोमवारी कबुली देऊन आम्ही पाचही जण बसमध्ये उभे होतो. ठराव मांडणाऱ्याने दांडा धरून सर्वांत पुढे उभं राहावं, असं उरलेल्या चौदा जणांनी एकमताने ठरवलं.)

ताईला मी तबकडी दिली तेव्हा तिने आधी मागे किंमत शोधली. मी बोट ठेवून झाकली. “हात काढ,” ती म्हणाली. वाचलं. माझ्याकडे बघितलं. शाळेत नापास पोराकडे बघायची तसं, पण मग पदराने तबकडीचं पाकीट पुसायला लागली, जे मुळात स्वच्छच होतं.

मशीनं वाटीत गेली. सुई टेकली. ताईने पेटीवर तळवे ठेवले आणि डोळे मिटले. भाची पोह्यांच्या बश्या हातात घेऊन दारातच थांबली. चार गाणी होईपर्यंत कुणी बोललं नाही. मी गाणी ऐकलीच नाहीत, ताईची बोटं बघत होतो. दुसऱ्या गाण्याला उजवी तर्जनी ठेका धरायला लागली. चौथ्याला पूर्ण हात. तिसऱ्याला दोन्ही हात तसेच पडून होते, शेवटी कुठे जरा हलले.

बाजू संपली. ताईने मशीनं कानात बसवली, टेबलाच्या खणातून बॉलपेन काढलं आणि पाकीट उलटं केलं, जिथे गाण्यांची नावं छापली होती.

खिडकीवाल्यांच्या घशातून बारीक आवाज निघाला. साडेचार हजारांचं कोरं पाकीट. ही माणसं तबकडीला बोटाचा ठसा लागू देत नाहीत. पण कुणीही नको म्हटलं नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं.

पहिल्यापुढे सात. दुसऱ्यापुढे साडेसात. चौथ्यापुढे आठ, आणि त्याखाली रेघ. तिसऱ्याची जागा रिकामी. ताईने पेन माझ्यापुढे धरलं.

“हे मले आलं नाही. तू सांग.”

चार परिच्छेद लिहिणारा माणूस मी. इथे सहा शब्दांत आटोपलो.

“बासरी आहे, ताई. एकटीच. खूप वरची.”

“ते आता मले येत नाही. कशी आहे, ते सांग.”

“बाबा ड्युटीवरून यायचे, आठवते? गल्लीच्या तोंडाशी शीळ घालायचे, आईने चहा ठेवावा म्हणून. तशी. आधी दुरून. मग कोपऱ्यावर. मग दाराशी आल्यावानी.”

ताईने डोळे बारीक केले. “आन् शेवटी जे हाताले लागलं, तो तबला होता न?”

“हव.”

“म्हणजे बाबा घरात आले.”

मी मान हलवली. पेन घेतलं आणि रिकाम्या जागी नऊ लिहिले.

ताईने पाकीट चष्म्याजवळ नेलं. “नऊ? हिरोईन सुंदर आहे काय रे?”

खिडकीवाले हसले, मग सगळेच. ती खोडेल असं वाटलं. पेन तिने परत घेतलं खरं, पण टोपण लावून खणात ठेवलं.

“राहू दे,” ती म्हणाली. “पोहे घ्या सगळे. मग ते तिसरं पुन्हा लाव, आन् माह्यासमोर बस. शीळ कोपऱ्यावर आली की मले सांगजो.”