साडेअकराचं लग्न

लग्नाच्या पत्रिकेत तळाशी ‘लग्न छापलेल्या वेळेवरच लागेल, कोणाचीही वाट पाहिली जाणार नाही’ अशी ओळ घालणारा माणूस अख्ख्या जबलपुरात एकच असेल, आणि तो माझा धाकटा भाऊ दयाराम आहे. मी म्हटलं, “अरे, ही पत्रिका आहे का नोटीस?” तर म्हणाला, “ताई, लोकाईले सवय नाई. आधी सांगितलेलं बरं.”

त्याला कारखान्याच्या भोंग्याने घडवलं. उभी नोकरी त्याने सरकारी कारखान्यात खरादीवर, म्हणजे लेथ मशीनवर, काढली. भोंगा वाजला की गेट बंद, मग बाहेर कोणीही असो. गढा मोहल्ल्यातल्या घरून तो सायकलवर इतका लवकर निघायचा की गेटवरचा शिपाईसुद्धा त्याच्यामागून यायचा. आपण एकदाही गेटबाहेर राहिलो नाही, याचा त्याला निवृत्तीच्या सत्कारापेक्षा जास्त अभिमान.

आणि दुसरा अभिमान मुहूर्ताचा, म्हणजे मुहूर्त नसण्याचा. शेजारपाजारच्या लग्नांत रात्र रात्र घटकेची वाट बघणारी वऱ्हाडं पाहिली की याला चेव यायचा. “आपल्यात मुहूर्त नसते बापा! आपल्या आजानं पंचांग कधीचंच नर्मदेत सोडलं. ज्या दिवशी माणसं मोकळी, तो दिवस चांगला.” बौद्ध माणसाने असं म्हणावं यात वावगं काही नाही. पण तो ते इतक्या वेळा म्हणायचा की मी त्याच्या आधी वाक्य पुरं करायची.

त्याची एकुलती एक मुलगी भावना. तिला डॉक्टर व्हायचं होतं आणि प्रवेशपरीक्षा तिला दोनदा हुलकावणी देऊन गेली होती. बी.एस्सी. करता करता ती तिसऱ्यांदा बसणार होती आणि ही शेवटची खेप असं घरात ठरलं होतं. त्याच हिवाळ्यात बालाघाटच्या रामटेक्यांचं स्थळ आलं. मुलगा अश्वजीत वीज खात्यात, समजूतदार. भावनाने शिकायचं म्हटलं तर शिकू द्यायला त्याची ना नव्हती. त्याच्या आईला, रामटेकेबाईंना, मात्र लग्न मे महिन्यातच हवं होतं आणि परीक्षा नेमकी मे महिन्यात. दयाराम बालाघाटला जाऊन हात जोडून आला. “पोरीची परीक्षा होऊ द्या, मंग तुम्ही म्हणाल तसं.” बाई थांबल्या. थांबल्या, पण त्यांना ते आवडलं नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना कळलं.

इथे माझ्या भावाने ती चूक केली, जी आमच्यासारखी माणसंच करू शकतात. लग्न त्याने ऑगस्टमध्ये धरलं. इतरांची लग्नं तेव्हा बंद असतात, त्यामुळे जबलपुरातल्याच गोरखपूर भागातला एरवी हाती न लागणारा मोठा हॉल रिकामा. हॉलचा मॅनेजर चकित होऊन म्हणाला, “अंकलजी, इस महीने में शादी?” दयारामने त्याला तिथेच उभं करून मुहूर्तावरचं भाषण ऐकवलं. घरी आला तो मिशीला पीळ देतच. जो महिना सगळं जग लग्नासाठी रिकामा सोडतं, त्याच महिन्यात डॉक्टरकीच्या प्रवेशाची गर्दी असते, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही. आमच्या घराण्यात अजून कोणी डॉक्टर झालं नव्हतं, मग कळणार कसं?

भावना पास झाली. अगदी काठावर. पहिल्या यादीत तिचं नाव लागलं नाही. दुसरी यादी लग्नाच्या आठवड्यात बुधवारी येणार होती, ती गुरुवारवर गेली, मग शुक्रवारवर, आणि शुक्रवारीही आली नाही. नियम साधा होता. ज्या कॉलेजात नाव लागेल तिथे मूळ कागदपत्रं घेऊन स्वतः हजर व्हायचं. शेवटची वेळ रविवारी संध्याकाळी पाच. नाही गेलं तर जागा दुसऱ्याची. यादी पुढे सरकत होती, रविवार मात्र जागचा हलत नव्हता. आमच्यात देव पाण्यात घालून बसायची सोय नाही, म्हणून आम्ही नुसते फोनकडे बघत बसलो. दयारामच्या बायकोचं, पार्वताबाईचं, दोनदा वरण करपलं. ती मूळची अबोल, त्या आठवड्यात तर मुकीच झाली.

शनिवारी दुपारी हळद होती. दयारामला हळदही मान्य नाही, पण बायकांपुढे त्याचं काही चाललं नाही, म्हणून तो अंगणात खुर्ची टाकून रागाने बसला होता. आत भावनाचे दोन्ही हात पिवळेजर्द. तिचा फोन माझ्या मुलाच्या, विपुलच्या हातात. आणि तो एकदम ओरडला, “दीदी, हो गया! सरकारी मिला!”

पोरगी उठून उभी राहिली. मग विपुलने कॉलेजचं गाव वाचलं आणि ती खाली बसली. गाव गाडीने सहा तासांवर. बाहेर तीन दिवस पावसाची झड लागलेली. आणि हजर व्हायचं उद्या, पाचच्या आत. उद्या साडेअकराला लग्न.

घरात कोणी आनंदाने ओरडलंसुद्धा नाही. एवढी मोठी गोष्ट झाली आणि सगळे मयताला आल्यासारखे भिंतीला टेकून बसले. मला त्या पोरीचं इतकं वाईट वाटलं की काय सांगू.

मग सल्ले सुरू झाले. हळद लागलेल्या मुलीने उंबरठा ओलांडू नये, असं कोणीतरी म्हणालं. मी म्हटलं, “हळद धुतली की जाते, जागा गेली की येत नाही.” विपुल म्हणाला, “मामाजी, टेंशन मत लो. डेट हर बार बढ़ाते हैं. सोमवार को चले जाएँगे.” हे सगळ्यांना एकदम पटलं. घरात जरा श्वास परतला. पार्वताबाईने चहाचं आधणसुद्धा ठेवलं.

दयाराम दारात उभा होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“गेट उघडं राहील या भरवशावर मी कधी घरून निघालो नाई,” तो म्हणाला.

“मंग लग्नाचं काय करशील?” मी विचारलं.

त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. एकदा त्याने रामटेक्यांना थांबवलं होतं. आता दुसऱ्यांदा कोणत्या तोंडाने सांगणार? त्यांचं वऱ्हाड पहाटे निघणार होतं. लग्न मोडलं तर पोरीच्या नावावर बोट, आणि जागा गेली तर तिचा जन्मभराचा अबोला. इकडे आड, तिकडे विहीर. आणि भावना आमच्यापैकी कोणाकडेच बघत नव्हती. ती फक्त नखांतली हळद काढत होती.

शेवटी तो म्हणाला, “हॉलचं गेट आपल्या हातात आहे, ताई. आपण उघडू, आपण लावू. त्या कॉलेजचं गेट आपल्या हातात नाई.”

त्याने बालाघाटला फोन लावला. स्पीकर कसा लागला कोण जाणे, पण सगळ्यांना ऐकू आलं. लग्न पोरगी परत आल्यावर लावू, असं त्याने सांगितलं. फोन रामटेक्यांनीच उचलला होता. मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला. एकच शब्द.

“पुन्हा?”

मग रामटेके म्हणाले, “बरं. आम्ही येतो.” फोन बंद झाला.

या ‘येतो’चा अर्थ काय, यावर आमची रात्र गेली. लग्नाला येतो, की जाब विचारायला? दयाराम म्हणे, “आवाज ऐकला न तू? पुन्हा म्हणे. पुन्हा.” तो शब्द त्याच्या डोक्यातून निघेना.

रात्री त्या पावसात गाडी काढता येईना, म्हणून पहाटे भावनाला घेऊन पार्वताबाई निघाली. मुकी बाई फक्त एवढं बोलली, “मी जाते तिच्यासंग. तुम्ही पाहुण्याईले सांभाळा.” नवरीही नाही आणि नवरीची आईही नाही, असं लग्न मी तर कधी पाहिलं नव्हतं.

हॉल अकरापर्यंत भरला. वऱ्हाड आलं. अश्वजीत पांढऱ्या कपड्यांत, कानाला फोन. रामटेकेबाई गाडीतून उतरल्या, कोणाशी बोलल्या नाहीत, पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. साडेअकरा वाजले. सगळ्या हॉलने एकदा घड्याळाकडे आणि एकदा माझ्या भावाकडे बघितलं. पत्रिका सगळ्यांनी वाचली होती. माइकवर जाऊन तो म्हणाला, “नवरी ॲडमिशनले गेली आहे. लग्न ती आल्यावर लागेल. तुम्ही जेवून घ्या.” कारखान्यातले त्याचे जुने सोबती हसले. एकाने तर भोंग्याचा आवाजही काढला. एरवी दयाराम त्याला सोडता ना.

लोक जेवले. रामटेकेबाई जेवल्या नाहीत. मी ताट घेऊन गेले तर मान हलवून नको म्हणाल्या. दयारामने ते लांबून पाहिलं आणि माझ्याजवळ येऊन म्हणाला, “जेवत नाई त्या. समजली न तुले गोष्ट?” मला समजली होती. मी ते ताट झाकून ठेवलं.

दुपारी अश्वजीत भावनाचा फोन आल्याचं सांगायला आला. रस्त्यात रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहत होतं आणि गाड्या अडल्या होत्या. भावना त्या रांगेत होती. दयाराम हॉलच्या पायऱ्यांवर जाऊन बसला. मी त्याला आजारपणात पाहिलंय, आईबाप गेले तेव्हा पाहिलंय, पण इतकं हरलेलं पाहिलं नव्हतं. “दोन्ही गेटं बंद होतात का काय,” तो म्हणाला. विपुल पुन्हा तारीख वाढेल म्हणायला गेला, त्याला मीच दटावलं.

पाणी ओसरल्याचा फोन आला. मग बराच वेळ काहीच नाही. पाच वाजत आले तेव्हा अश्वजीतचा फोन वाजला. त्याने ऐकलं, डोळे मिटले आणि म्हणाला, “आत घेतलं. कागद जमा झाले. आखरीच्या लाइनमधी होती ती.”

दयारामने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मीही रडले, उगाच कशाला लपवू?

पण अर्धंच काम झालं होतं. गाडी परत यायला रात्र होणार. पाहुणे पांगले. उरलो आम्ही घरचे, रामटेक्यांचं वऱ्हाड आणि सकाळपासून थांबलेले बौद्धाचार्य. रामटेकेबाई तिथेच, त्याच खुर्चीवर.

गाडी आली तेव्हा हॉलमधल्या अर्ध्या खुर्च्या उचलल्या गेल्या होत्या. भावना आत आली. सलवार गुडघ्यापर्यंत चिखलाची, केस विस्कटलेले, नखांत अजून हळद. मागून पार्वताबाई, कागदांची पिशवी पोटाशी धरून. दयारामची एकदम धांदल उडाली. “चला, चला, उभे राहा! किती उशीर झाला. हार आणा. माफ करा, बाई, आता दोन मिनिटांत लावून टाकू...”

रामटेकेबाई उठल्या. दिवसभरात पहिल्यांदा. त्या भावनाजवळ गेल्या, तिचा चेहरा पाहिला, आणि माझ्या भावाकडे वळून म्हणाल्या, “भाऊ, काहून घाई करून राहिले? सकाळपासून उपाशी आहे न पोरगी? मी बी तिच्यासाठीच थांबली. जेवू द्या तिले. आपल्यात मुहूर्त कुठं राह्यते?”

वाक्य दयारामचंच होतं. तो स्वयंपाकघराकडे धावला आणि स्वतः दोन ताटं वाढून घेऊन आला. सासू-सून शेजारी शेजारी जेवायला बसल्या, आणि भावनाने दुसऱ्यांदा भात मागितला तरी आम्ही सगळे वाट पाहत बसलो.