कुठली बॅटरी, दाजी?

लॅपटॉप मी गोधडीत गुंडाळला होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे उगाच दुसऱ्या कोणाचा संशय नको.

दिवाळी होऊन गेली होती. वेल्ह्यात भाताची झोडणी जोरात होती आणि शेजारच्या खळ्यावरचा भुसा थेट आमच्या चहाच्या कपात उतरत होता. शुक्रवारी संध्याकाळी बायकोने काम आटोपून लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि ती भाकऱ्या टाकायला गेली. झाकण मिटलं म्हणजे यंत्र बंद झालं, असं मला वाटलं. आत भुसा जाऊ नये म्हणून मी ते दुपदरी गोधडीत, तान्ह्या लेकराला गुंडाळावं तसं गच्च गुंडाळून ट्रंकेत ठेवलं. आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो.

बायको पासलीच्या प्राथमिक शाळेत शिकवायची. शनिवारी सकाळची शाळा. निघताना म्हणाली, "लॅपटॉप तेवढा चार्जिंगला लावा. बाकी काही करू नका."

ट्रंक उघडली. गोधडीला अजून आतून ऊब होती, ते काही मला बरं वाटलं नाही. चार्जर लावला, दिवा लागेना. बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. पडदा काळाच.

तो जुना लॅपटॉप तिला तिच्या धाकट्या भावाने दिलेला. त्यात तिने दोन वर्षं वर्गातल्या मुलांचे फोटो आणि आवाज साठवले होते. एक मुलगी वर्षभर शाळेत तोंडातून शब्द काढत नव्हती. तिने पहिल्यांदा मोठ्याने धडा वाचला, तोही त्यात होता. तिचं कुटुंब पुढे गाव सोडून गेलं, म्हणजे तो आवाज पुन्हा मिळायचा नव्हता. रविवारी सकाळी भोरला शिक्षकांचा मेळावा होता आणि हे सगळं दाखवायला बायकोला वीस मिनिटं दिली होती. आमच्या डोंगरातल्या शाळेला एवढा वेळ कधी कोणी दिला नव्हता. तिची एसटी दुपारी तीनची.

माझी भाताची गिरणी आहे. मोटर बिघडली तर बेअरिंग गेलं की पट्टा ढिला झाला, हे मी नुसत्या आवाजावरून सांगतो. म्हणून लॅपटॉपलाही कान लावला. आत शुकशुकाट. थोपटून पाहिलं. मग जरा जोरात थोपटलं. मग मात्र घाबरून हात मागे घेतला.

तो भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, पुण्यात संगणकाचंच काम करायचा. पण आमच्याकडे मोबाईलला रेंज एकाच जागी, पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर. लॅपटॉप घरात आणि मी कठड्यावर.

"दाजी, काल काही झालं होतं का? पडला? पाणी सांडलं?"

"छे, छे! काहीच नाही. आपोआप झालं."

"मग दुसऱ्या बोर्डात लावून बघा."

पळत घरी आलो. घरालगतच्या गिरणीतल्या बोर्डात लावून पाहिला. पळत कठड्यावर गेलो. "तिथं इस्त्री चालती, हा न्हाई चालत."

"मग चार्जर गेला असणार. सोमवारी दुसरा पाठवतो."

"सोमवारी? अरे, उद्या तिला भोरला दाखवायचंय!"

तिकडून आवाज आला, "दाजी, खरं सांगा. काल तुम्ही काय केलंत?"

कबुली हळू आवाजात द्यायची असते. पण त्याला ऐकू जाईना. शेवटी मी टाकीवरून ओरडलो, "गोधडीत गुंडाळला व्हता! म्याच! रातभर!"

मागे वळलो तर बायको. पासलीहून आलेली जीप नुकतीच तिला सोडून गेली होती. भुशाच्या धुरळ्यात ती पर्स धरून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"तो काय म्हणतोय ते आधी ऐका," एवढंच म्हणाली आणि घराकडे चालू लागली.

फोनवर मेहुणा म्हणत होता, "झाकण मिटल्यावर तो झोपतो दाजी, बंद होत नाही. गोधडीत तापून अडकला असेल. आता बॅटरी काढा, बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग नुसत्या चार्जरवर चालू करा."

घरात बायको आतल्या खोलीत वहीत भराभर काहीतरी लिहीत होती. लॅपटॉप नसला तर काय बोलायचं, ते. मी तिला काही विचारलं नाही. गुपचूप कोनाड्यातली बॅटरी काढली, लॅपटॉपवर रोखली आणि बटण दाबून तीस आकडे मोजले. यंत्राला उजेड कशाला दाखवायचा ते कळेना, पण शंका विचारण्याइतकी माझी पत राहिली नव्हती. चार्जर लावला. काळा पडदा.

सव्वादोन वाजले होते. पुन्हा कठडा.

"बॅटरी काढलीत?"

"काढली."

"बटण दाबलंत?"

"अर्धा मिनिट. उजेड चांगला पडतोय, सेल नवे हायत."

"...कुठली बॅटरी, दाजी?"

त्यानंतर तो जे हसला ते मी इथे लिहीत नाही. हसून झाल्यावर त्याने एकेक शब्द सुटा करून सांगितलं: लॅपटॉप पालथा घाला, पाठीवर दोन खटके दिसतील, ते सरकवले की एक चपटा ठोकळा सुटून येईल.

घरी येऊन खटके सरकवले, ठोकळा सुटला. वही बाजूला ठेवून बटण बायकोने धरलं. तीस आकडे मी मोजले, आणि या खेपेला तिच्यासमोर, मोठ्याने. तिने चार्जर लावला आणि परत बटण दाबलं. आत पंखा घुरघुरला. एवढा बारीक आवाज, पण मी मोटरवाला माणूस, मला तो आधी ऐकू आला.

पडदा उजळला. तिने दुसरं काहीच पाहिलं नाही, सरळ त्या मुलीचा आवाज लावला. अडखळत, एकेक अक्षर जोडत धडा वाचणारा. तो संपेपर्यंत दोघंही हललो नाही. मग तिने यंत्र नीट बंद केलं, खात्री करून घेतली आणि पिशवी खांद्याला लावली. ती पिशवी थांब्यापर्यंतही तिने माझ्या हातात दिली नाही.

रविवारी दुपारी मी कठड्यावर फोन धरून उभा होतो. तिचा फोन आला.

"झालं. चांगलं झालं. त्या पोरीचा आवाज सगळ्यांनी परत लावायला सांगितला."

मी काही बोलणार, तोच ती म्हणाली, "शेवटी साहेबांनी विचारलं, बाई, घरच्यांची मदत होते का? मी म्हटलं, होते की. फक्त मदत झाल्यावर दुरुस्तीला एक दिवस हाताशी ठेवावा लागतो."