वाढत्या अंगाचा झगा

मंडळी, आज मी लई खुश आहे, म्हणून घरी आल्या आल्या लिहायला बसले.

जादूच्या एका नव्या सिनेमाचा आज पहिला शो होता. माझ्या लेकीला, परीला, त्यातल्या राणीसारखा झगा हवा होता. गुलमंडीच्या बाजारातून जांभळी मखमल आणली आणि घरीच शिवला. पण हाताची सवय जाते का? लेकराचा कपडा पुढंही चालावा म्हणून वाढत्या अंगाचाच बेतला. सकाळी घातला, तर बाह्यांतून बोटं दिसंनात आणि घेर फरशीवर लोळतोय.

"आई, मी यात बुडाले!" परी रडकुंडीला आली. खालून दुमडून शिवायला वेळच नव्हता. तसंच निघालो.

थिएटरात बाकीच्या पोरी भाड्याचे, गुडघ्याएवढे झगे घालून आलेल्या. परी जिना चढायला लागली आणि मागून मखमल पायरी पायरीनं सरकत गेली. सगळे वळून बघायला लागले.

एक बाई म्हणाल्या, "कित्ता अच्छा है! किधर से लिये?"

परीनं मान ताठ केली. "माझ्या आईनं शिवलाय. दुसरा भाग येईल ना, तेव्हापण बसंल!"

सकाळी रडत होती ती हीच बरं का!

आता खरं सांगा, तुमच्या आईनं तरी कधी मापाचा कपडा शिवला होता का?