हवेत काढलेला बार

आमच्या घरातली बंदूक रानडुकरांसाठी होती. आजवर तिनं जखमी केलेलं एकमेव जनावर म्हणजे मी!

कुंभारीला आमचं शेत आहे. अप्पा, म्हणजे माझे वडील, तिथंच वस्तीवर राहतात. मी सोलापुरात असतो. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत माझे टॉवेलचे माग आहेत. राखणीसाठी अप्पांकडं कित्येक वर्षं परवान्याची दुनळी बंदूक होती. मका कणसाला आला, की पहाटे डुकरांचा कळप उतरायचा आणि अप्पा बांधावर उभं राहून हवेत एक बार काढायचे. मारायचं कुणालाच नाही. 'मालक जागा हाय' एवढं डुकरांना कळवायचं, बस.

मग अप्पांचा खांदा गेला. एका पहाटे दुनळी उचलायला गेले आणि ती उचलेचना. पुन्हा हात घातला, पुन्हा तेच. शेवटी ती भिंतीला टेकवून म्हणाले, "हिला आता तू बघ." त्यानंतर बरेच दिवस त्यांचं एकच. जेवायचे, बांधावर जाऊन बसायचे, परत यायचे. परवाना माझ्या नावावर झाला, दुनळी विकली आणि मी मनाशी ठरवलं, अप्पांना पुन्हा खांद्याला लावता येईल अशी एक हलकी रायफल घ्यायची. (हेतू चांगला होता, हे इथंच सांगून ठेवतो. पुढं सांगायला तोंड उरणार नाही.)

दुकानदार म्हणाला, "साहेब, ही डोंगरात पायी हिंडणाऱ्या शिकाऱ्यांची बंदूक. चढताना ओझं होत नाही. फक्त एक, हलकी बंदूक धक्का जास्त देते. त्यामुळं खांद्याला घट्ट..."

पुढचं मी ऐकलं नाही. मी ती एका हातात धरून समोरच्या आरशात स्वतःला बघत होतो. आता कुंभारीत डोंगर नाही. आमच्या शेतातली सगळ्यात उंच जागा म्हणजे विहिरीतून काढलेल्या मुरमाचा ढीग! तरी घेतली. वर दुर्बीणही बसवून घेतली.

"बार हवेत काढायचाय ना?" बायकोनं, सुनंदानं विचारलं. "मग दुर्बीण कशाला?"

"तुला नाही कळायचं," मी म्हणालो. (मलाही कळलं नव्हतं.)

शनिवारी संध्याकाळी वस्तीवर गेलो आणि रिकामी रायफल अप्पांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली.

"ह्यात गोळी घालत्यात का सेल?"

"गोळीच, अप्पा."

त्यांनी ती हळूच खांद्याला लावली. किती तरी दिवसांनी अप्पा ताठ उभे होते. "लई हलकी हाय की रं," ते म्हणाले, आणि धोतराच्या सोग्यानं मागचा लाकडी दस्ता पुसून त्यांनी ती मला परत दिली. "पर कागदावर तुजं नाव हाय. बार तूच काढ."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटतानाच शेजारच्या रानातला सिद्राम पळत आला. "मालक, आली! अख्खं खटलं घिऊन आल्यात!"

मक्यातून ताटं मोडल्याचा कडाकड आवाज येत होता. मी रायफल भरली आणि मुरमाच्या ढिगावर चढलो. अप्पा खाली काठी टेकून उभे. दस्ता खांद्याला लावला, म्हणजे नुसता टेकवला. नळी सरळ आभाळाकडं केली. आणि दुर्बीण आहेच तर वापरावी, म्हणून तिला डोळा लावला! दुर्बिणीतून आभाळ फार जवळ दिसतं. मी घोडा दाबला आणि ते आणखी जवळ आलं.

दुर्बिणीची कड खाडकन भुवईत बसली. रायफल एकीकडं, चष्मा दुसरीकडं, आणि मी ढिगावरून उताणा थेट पाण्याच्या पाटात.

"बाळ्याऽऽऽ!"

मी बावन्न वर्षांचा आहे. कामगार मला मालक म्हणतात, सोसायटीत चेअरमनसाहेब म्हणतात. बाळ्या ही हाक मी मिसरूड फुटल्यापासून ऐकली नव्हती. गोठ्यापर्यंत जायला काठी लागणारे अप्पा काठी टाकून, अनवाणी, चिखलातून पळत आले. माझं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. चेहरा रक्तानं भरलेला. त्यांची बोटं सदऱ्यावरून फिरत होती. गोळी कुठं शिरली ते शोधत होती.

"अप्पा, काही झालं नाही," असं मला म्हणायचं होतं. पण तोंडात चिखल होता. बाहेर आली नुसती गुरगुर.

"बोलू नगंस! बोलू नगंस, लेकरा!" अप्पा रडत होते. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मला माझ्या भुवईपेक्षा त्याचंच जास्त लागलं.

सिद्रामनं गावात फोन केला, "मालकाला बार लागला." गावातून एमआयडीसीत बातमी गेली, "मालक गेले." तिथं कामगारांनी शोक म्हणून माग बंद केले. टेंभुर्णीला माझ्या थोरल्या बहिणीकडं, अक्काकडं पोचेपर्यंत तिची झाली होती, "अप्पांनी बाळूला गोळी घातली!"

सोलापुरात दवाखान्यात भुवईला टाके पडले. मी खाटेवर बसून चहात खारी बुडवत होतो, तेवढ्यात जिन्यातूनच हंबरडा ऐकू आला. "माझ्या भावाऽऽ!" अक्का डोळ्याला पदर लावूनच आत आली आणि शेजारच्या खाटेवर चादर ओढून झोपलेल्या गृहस्थांच्या अंगावर कोसळली. त्यांच्या पायाचं ऑपरेशन झालं होतं. त्यांची किंकाळी अक्कापेक्षा मोठी होती!

"अक्का, मी इकडं आहे," मी म्हणालो.

अक्कानं माझ्याकडं पाहिलं, खारीकडं पाहिलं, आणि मग जी रागावली ती संध्याकाळपर्यंत.

तिच्या मागोमाग हवालदार आले. बातमी त्यांच्यापर्यंतही पोचली होती, आणि ती टेंभुर्णीला पोचली तीच होती. त्यांनी जबाब घ्यायला सुरुवात केली.

"गोळी कुणी झाडली?"

"मी," मी म्हणालो.

"मी," अप्पा म्हणाले.

हवालदारांनी पेन थांबवलं. अप्पा स्टुलावरून उठून उभे राहिले. "बार म्या काढला, सायेब. माजीच चूक हाय. मला न्या. पोराच्या मागं काय लावू नगा."

"अप्पा, तुम्ही तर खाली उभे होता!"

"तू गप रं! बोलू नगं म्हनलंय न्हवं डॉक्टरनं?"

शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं, की ही जखम गोळीची नाही, दुर्बिणीची आहे. हवालदार बराच वेळ माझ्या भुवईकडं बघत राहिले. "म्हणजे नळी आभाळाकडं होती?"

"हो."

"आणि तुम्ही दुर्बिणीतून बघत होता?"

"हो."

"काय दिसलं?"

तंबी देऊन ते गेले. जिना उतरतानाचं त्यांचं हसणं मात्र सगळ्या वॉर्डानं ऐकलं.

आठवड्यानं टाके निघाले. मी वस्तीवर गेलो, तर मका जिथल्या तिथं उभा! त्या दिवसापासून डुकरं फिरकली नव्हती. मी सिद्रामला म्हणालो, "काही म्हण, माझ्या बारानं काम केलं."

सिद्रामनं अप्पांकडं पाहिलं. "तसं न्हाय, मालक. तुमच्या बाराला ती हललीबी न्हाईत, खातच हुती. अप्पा 'बाळ्याऽऽ' म्हनून वरडलं, तवा जी पळाली ती पार वड्यापल्याड गेली. आता अप्पा रोज पाटंचं बांधावर हुबं ऱ्हाऊन तीच हाळी देत्यात."

अप्पा मिशीत हसत होते. चेहऱ्यावर तुकतुकी आली होती. हाळी द्यायला खांदा लागत नाही.

"अप्पा," मी म्हणालो, "रविवारी मीपण येत जाऊ का राखणीला?"

"नगं," अप्पा शांतपणे म्हणाले. "तुज्या नावाला डुकरं भेत्यात. तुला बगितलं तर भ्या मोडंल त्यांचं."